टॉल्स्टॉयच्या जमिनीची वाटणी

सूर्य मावळेपर्यंत जेवढ्या जमिनीला पायी वळसा घालशील तेवढी तुझी, अशा अटीवर धावत सुटलेल्या शेतकऱ्याची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकलेली असते. कुणी ती आजीच्या तोंडून ऐकतो, कुणी शाळेत गुरुजींकडून. लिहिणाऱ्याचे नाव मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. लिओ टॉल्स्टॉयने ही गोष्ट १८८६ साली प्रसिद्ध केली. तिच्यातला शेतकरी बाश्कीर लोकांच्या गवताळ मुलखात स्वस्त जमिनीच्या लोभाने जातो, दिवसभर धावतो आणि दिवस बुडता बुडता ठरल्या जागी येऊन कोसळतो. अखेर त्याला पुरण्यापुरतीच जमीन लागते. वाचताना वाटते, ज्याला जमिनीचा मोह कधी शिवलाच नाही अशा एखाद्या साधुपुरुषाने ही लिहिली असावी. प्रत्यक्षात हे लिहिणाऱ्या गृहस्थाने पंधरा वर्षे आधी, म्हणजे १८७१ साली, त्याच बाश्कीरांच्या मुलखात वीस हजार रुबल मोजून सुमारे पावणेसात हजार एकर जमीन स्वतः विकत घेतली होती.

मी कादंबऱ्या लिहितो, पण पोट भरले ते बँकेच्या नोकरीवर. त्या नोकरीतली बरीच वर्षे शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. सात-बाराचा उतारा, फेरफार, बोजा, तारण, हक्कसोडपत्र या शब्दांशी माझा जो परिचय आहे तो अलंकारशास्त्राशी नाही. त्यामुळे टॉल्स्टॉयचे चरित्र वाचताना माझ्यातला कादंबरीकार थोडा मागे सरतो आणि कर्ज अधिकारी चष्मा पुसून पुढे येतो. या माणसाच्या आयुष्याचा उतारा काढला तर त्यात एकच मालमत्ता पुन्हापुन्हा दिसते : यास्नाया पोल्याना. ती कुणाकडून आली, तिच्यावर बोजा कसा चढला, तिची वाटणी कशी झाली आणि शेवटी ती कुणाच्या नावावर गेली, हे पाहिले की या थोर लेखकाचे घर आतून कसे होते ते कळते.

यास्नाया पोल्याना म्हणजे झाडांमधले उजळ, मोकळे रान. मॉस्कोच्या दक्षिणेला साधारण दोनशे किलोमीटरवर, तूला शहराजवळ हे गाव आणि इस्टेट आहे. आपल्याकडच्या वाचकाला गंमत वाटेल ती ही, की टॉल्स्टॉयच्या नावाशी कायमची जोडली गेलेली ही जमीन टॉल्स्टॉय घराण्याची नव्हतीच. ती त्याच्या आजोळची. त्याच्या आईचे आजोबा सर्गेई वोल्कोन्स्की यांनी १७६३ साली ती घेतली. त्यांचा मुलगा निकोलाय सैन्यात जनरल होता. १७९९ मध्ये तो निवृत्त झाला आणि येथे येऊन राहिला. प्रवेशद्वाराचे दोन पांढरे गोल बुरूज, बर्च झाडांचा लांबलचक रस्ता, तळी, लिंडेनची बाग, काचघर, ही सारी रचना या आजोबांची. शिस्तीचा कडक, वेळेचा पक्का आणि मुलीला गणित शिकवायला बसणारा हा म्हातारा पुढे नातवाच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीत थोड्या बदललेल्या नावाने अवतरला.

या आजोबांना एकच मुलगी, मारिया. दुसरीकडे टॉल्स्टॉय घराणे कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले. लिओचे दुसरे आजोबा, इल्या टॉल्स्टॉय, कझान प्रांताचे गव्हर्नर होते. खर्चाला हात सैल, जुगाराची हौस आणि हिशेबाची बोंब. ते वारले तेव्हा मुलाच्या, म्हणजे निकोलाय टॉल्स्टॉयच्या, वाट्याला मुख्यतः देणेकरीच आले. घराणे मोठे आणि तिजोरी रिकामी असली की जो तोडगा आपल्याकडच्या वतनदार मंडळींनी काढला असता तोच तिथल्यांनी काढला. १८२२ साली निकोलायचे लग्न मारिया वोल्कोन्स्कीशी झाले. ती त्याच्याहून वयाने मोठी, रूपाने साधी, पण यास्नाया पोल्यानाची वारस होती. लग्न सोयीचे असले तरी संसार चांगला झाला. पाच मुले झाली. त्यांतला चौथा लिओ, जन्म ९ सप्टेंबर १८२८.

तो दोन वर्षांचा होण्याआधीच आई गेली. १८३७ मध्ये वडील गेले. पोरकी मुले आत्यांच्या आणि तात्याना नावाच्या एका दूरच्या, पण आईपेक्षा जवळच्या नातेवाईक बाईंच्या आधाराने वाढली. १८४७ साली भावंडांची वाटणी झाली. आपल्याकडे काही गावांत वाटे थोरल्याने पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्याने उचलायचा असा रिवाज आहे. तिथल्या रिवाजानुसार राहते घर आणि त्याभोवतालची जमीन धाकट्या मुलाकडे जाई. त्यामुळे अठरा वर्षांचा लिओ यास्नाया पोल्यानाचा मालक झाला : सुमारे चार हजार एकर जमीन आणि तीनशे तीस भूदास. गणती फक्त पुरुषांची. बायकामुले त्या आकड्यात धरत नसत, ती जमिनीबरोबर आपोआप येत.

कझान विद्यापीठातले शिक्षण अर्धवट टाकून हा तरुण मालक गावी आला तो शेतकऱ्यांचे भले करण्याचा निश्चय करून. नवी यंत्रे, नव्या झोपड्या, नव्या सवयी, सगळे एकदम. शेतकऱ्यांनी मालकाचे बोलणे मान हलवून ऐकले आणि काही केले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मालकाकडून फक्त वेठ माहीत, त्यांना मालकाचा कळवळा हीही एखादी नवी वेठच वाटली असेल. या फसलेल्या प्रयोगावर त्याने पुढे एक कथा लिहिली. तेव्हा मात्र कंटाळून तो मॉस्कोच्या वाटेला लागला, आणि आजोबांच्या रक्तातला जुगार नातवात जागा झाला.

पत्त्यांचे देणे फेडायला इस्टेटीतली काही गावे विकावी लागली. १८५१ मध्ये तो भावामागून कॉकेशसमध्ये गेला आणि सैन्यात शिरला. १८५४ साली, तो रणांगणावर असताना, त्याच्या सांगण्यावरून यास्नाया पोल्यानातला मधला मोठा वाडा विकला गेला. तीसहून अधिक खोल्यांचा, आजोबांनी पाया घातलेला आणि वडिलांनी पुरा केलेला हा वाडा. शेजारच्या एका जमीनदाराने तो पाच हजार कागदी रुबलना घेतला, खांब-फळ्या सुट्या केल्या आणि वीसेक किलोमीटरवरच्या गावी नेऊन पुन्हा उभा केला. मिळालेल्या पैशातून सैनिकांसाठी नियतकालिक काढायचे होते. सरकारने परवानगी नाकारली आणि पैसे पत्त्यांत गेले. ज्या घरात आपण जन्मलो ते घर माणसाने छावणीत बसून दोन-तीन दिवसांत हरावे, याहून मोठा बोजा मी कुठल्या उताऱ्यावर पाहिलेला नाही. वाड्याच्या दोन बाजूंच्या छोट्या इमारती तेवढ्या उरल्या. पुढचा सारा संसार त्यांतल्या एकीत वाढवून वाढवून झाला. मधली जागा रिकामी राहिली. तिथे त्याने झाडे लावली. म्हातारपणी तो पाहुण्यांना त्या झाडांकडे बोट करून आपली जन्माची खोली तिथे वर कुठेतरी होती असे सांगे.

युद्धावरून परतल्यावर, १८५६ साली, त्याने शेतकऱ्यांना बोलावले आणि मुक्ततेचा प्रस्ताव ठेवला. वेठ बंद, काही वर्षे ठरावीक रक्कम भरा, मग जमीन तुमची. फुकट देणे त्याला शक्य नव्हते, कारण इस्टेटीवर तारणाचे कर्ज होते. शेतकऱ्यांनी विचार केला आणि नकार दिला. नव्या झारच्या राज्याभिषेकाच्या वेळी सगळ्यांना फुकटात जमीन मिळणार अशी अफवा होती, आणि मालक त्याआधीच आपल्याला कागदावर अडकवू पाहतो आहे असा त्यांचा समज झाला. टॉल्स्टॉय दुखावला. पण ज्याचा बाप-आजा विकला गेला आहे तो माणूस कागदावर अंगठा उठवायला घाबरतो, यात नवल ते काय? कर्जमाफीचा अर्जसुद्धा संशयाने उलटसुलट करून पाहणारे शेतकरी मी पाहिले आहेत.

१८६१ मध्ये झारने भूदासप्रथा रद्द केली. शेतकरी सुटले, पण जमीन त्यांना विकत घ्यावी लागली. सरकारने जमीनदारांना रोखे दिले आणि ती रक्कम शेतकऱ्यांकडून वर्षाला सहा टक्क्यांनी एकोणपन्नास वर्षे वसूल करायचे ठरवले. पुष्कळ ठिकाणी लावलेली किंमत बाजारभावाहून जास्त होती. आजोबाने घेतलेले कर्ज नातवाने फेडायचे, अशी ही योजना. शेवटी १९०५ च्या उठावानंतर सरकारला ती गुंडाळावी लागली. या मुक्ततेच्या काळात जमीनदार आणि शेतकरी यांच्यातले तंटे सोडवायला लवाद नेमले गेले. टॉल्स्टॉय त्यांपैकी एक होता. तो निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने देतो म्हणून आजूबाजूचे जमीनदार त्याच्यावर इतके खवळले की वर्षभरात त्याने ते काम सोडले. त्याआधीच, १८५९ पासून, त्याने आपल्या इस्टेटीवर शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली होती. छडी नाही, फी नाही, सक्ती नाही. वाड्याच्या उरलेल्या दोन इमारतींपैकी एक या शाळेला दिली होती. १८६२ च्या उन्हाळ्यात पोलिसांनी राजद्रोहाच्या संशयावरून तिथे झडती घातली. हाती काही लागले नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचे लग्न झाले. तो चौतीस वर्षांचा, सोफिया अठराची, मॉस्कोच्या एका डॉक्टरांची मुलगी. शहरातून थेट खेड्यातल्या या अर्ध्या वाड्यात ती आली. पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत तिला तेरा मुले झाली, त्यांतली पाच लहानपणीच गेली. लग्नानंतर टॉल्स्टॉयच्या अंगात शेती संचारली. कारभारी काढून टाकले. मधमाश्यांच्या पेट्या आल्या, मेंढ्या आल्या, परदेशी जातीची डुकरे आली, शेजाऱ्याच्या भागीत दारूची भट्टी उभी राहिली, सफरचंदाची बाग वाढत गेली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून हिशेब आणि मजुरी पाहण्याचे काम सोफियाकडे आले. दिवसा ती हे पाही आणि रात्री नवऱ्याच्या गिचमिड अक्षरातल्या ‘युद्ध आणि शांती’ची पाने स्वच्छ उतरवून काढी. तो दुसऱ्या दिवशी ती खोडे, ती पुन्हा उतरवी. या काळातल्या टॉल्स्टॉयला जमीन हवी होती, पैसा हवा होता, मुलांसाठी मोठी इस्टेट करायची होती, आणि सोफियाने हे सारे त्याच्याकडूनच शिकले. पुढचे रामायण समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१८६९ साली, ‘युद्ध आणि शांती’ संपत आली असताना, पेन्झा प्रांतात एक इस्टेट स्वस्तात मिळते आहे असे कळल्यावरून तो ती पाहायला निघाला. वाटेत अर्झामास गावी मुक्काम पडला. रात्री दोन वाजता त्याला जाग आली आणि कारण नसताना मृत्यूची विलक्षण भीती वाटली. मी जमीन घ्यायला चाललो आहे, पण कशासाठी, असा प्रश्न मनात आला आणि पुढे कधी तो पूर्ण गेला नाही. तरीही दोन वर्षांनी समारा प्रांतातली ती पावणेसात हजार एकर त्याने घेतलीच, आणि नंतर तिच्यात भरही घातली. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे उपचार घ्यायला म्हणून तो बाश्कीरांच्या मुलखात गेला होता. परतला तो खरेदीखत घेऊन. १८७३ मध्ये त्या भागात पीक बुडाले तेव्हा त्याने घरोघर जाऊन परिस्थिती पाहिली आणि मॉस्कोच्या वर्तमानपत्रात लिहिले. देशभरातून मदतीचा ओघ आला. जमीन घेणारा आणि जमिनीवरच्या उपाशी माणसाकडे पाहणारा, असे दोघे एकाच अंगरख्यात नांदत होते.

पन्नाशीच्या आसपास यांतला दुसरा पहिल्यावर भारी झाला. ‘ॲना कॅरेनिना’ लिहून झाल्यावर त्याला सगळ्याच गोष्टींची शिसारी आली. मालमत्ता हे पाप आहे, जमीन कसणाऱ्याचीच असली पाहिजे, आणि दुसऱ्याच्या श्रमावर जगणे ही चोरी आहे, हे त्याला कळून चुकले. तो शेतकऱ्याचा सदरा घालू लागला, नांगर धरू लागला, स्वतःचे जोडे शिवू लागला. कळले त्याप्रमाणे लगेच सगळे देऊन टाकावे असे त्याला वाटे. घरात मात्र एवढ्या मुलांचे शिक्षण, लग्ने आणि नोकरचाकर यांचा गाडा होता. १८८३ साली त्याने मधला मार्ग काढला. मुखत्यारपत्र लिहून सगळ्या इस्टेटीचा कारभार सोफियाच्या हाती दिला. जुन्या पुस्तकांचे प्रकाशनही तिनेच अंगावर घेतले. त्यातले बारकावे विचारायला ती दोस्तोयेव्हस्कीच्या विधवा पत्नीकडे गेली होती. कागद, छपाई, प्रुफे, वर्गणीदार, सारे तिने पाहिले आणि चांगले चालवले.

माझ्यातल्या बँकवाल्याला येथे थांबावेसे वाटते. टॉल्स्टॉयने आपल्या मनावरचा बोजा उतरवला, पण तो नाहीसा झाला नाही, दुसऱ्या खात्यावर गेला. पापाची मालमत्ता त्याने सोडली आणि ती राखण्याचे काम बायकोला दिले. तिने राखली की ती लोभी, आणि न राखावी तर मुले उघड्यावर. १८९० साली गावातल्या काही शेतकऱ्यांनी इस्टेटीतली झाडे तोडली. सोफियाने फिर्याद केली आणि त्यांना सहा आठवड्यांची कैद झाली. टॉल्स्टॉयला रात्रभर झोप लागली नाही. ज्याच्या नावाच्या जमिनीसाठी माणसे तुरुंगात जातात, त्याने जगाला मालकी सोडायला सांगायचे कसे?

त्यातून १८९२ ची वाटणी झाली. आपण मेलो आहोत असे समजून मुलांनी जे घ्यायचे ते घ्यावे, अशी त्याची भूमिका. साधारण साडेपाच लाख रुबलची मालमत्ता बायको आणि नऊ हयात मुले यांच्यात वाटली गेली. यास्नाया पोल्याना रिवाजाप्रमाणे धाकट्या वानेच्काच्या आणि त्याच्या आईच्या वाट्याला आली. दुसरी मुलगी माशा वडिलांच्या विचारांची. तिने आपला वाटा नाकारला. आईने तो बाजूला ठेवून दिला आणि लग्नानंतर माशाला तो घ्यावा लागला. थोरली तात्याना हिने आपल्या वाट्याची जमीन शेतकऱ्यांच्या हवाली केली. ते जो खंड भरतील तो गावाच्याच कामाला लावायचा, असा करार केला. बाकीच्यांनी आपापले वाटे घेतले आणि काहींनी ते आजोबांच्याच पद्धतीने उडवले. या वाटणीत शेतकऱ्यांचे नाव कुठेही नव्हते. टॉल्स्टॉय मोकळा झाला तो कागदोपत्री. राहिला मात्र त्याच घरात, बायकोच्या छपराखाली, तिच्या टेबलावर जेवत.

हयातीत मुलांच्या नावे जमीन करून दिलेले बाप आमच्या शाखेतही येत. एरवी ते मानाने खुर्चीवर बसत. वाटणीनंतर आले की दाराशी उभे राहत आणि धाकट्याला बोलावू का म्हणून विचारत. टॉल्स्टॉयची स्थिती याहून वेगळी नव्हती, एवढेच की त्याच्या दाराशी सारे जग येऊन उभे होते. १८९१-९२ च्या भयंकर दुष्काळात त्याने रियाझान प्रांतात ठाण मांडून शेकडो अन्नछत्रे चालवली. पैसा उभा राहिला तो सोफियाने वर्तमानपत्रात केलेल्या आवाहनामुळे. दोघे एका कामाला लागले की काय होऊ शकत होते, त्याचा हा पुरावा. पण असे क्षण विरळ होत गेले. १८९५ मध्ये जवळजवळ सात वर्षांचा वानेच्का गेला. आईबापांना जोडणारा शेवटचा धागा होता तो. पुढे इस्टेटीवर चोऱ्या वाढल्या तेव्हा सोफियाने सशस्त्र पहारेकरी ठेवला. जगाला अहिंसा शिकवणाऱ्या माणसाच्या फाटकावर बंदुकवाला उभा, हे चित्र त्याला सहन होईना.

हीच वर्षे आपल्याला जवळची आहेत. १९०८ मध्ये त्याने एका भारतीय क्रांतिकारकाला, तारकनाथ दास यांना, दीर्घ पत्रोत्तर लिहिले. ते गांधीजींच्या हाती पडले. त्यांनी १९०९ मध्ये टॉल्स्टॉयशी पत्रव्यवहार सुरू केला आणि इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना बोटीवर त्या पत्राचा गुजराती अनुवाद केला. १९१० च्या मे महिन्यात हेर्मान कालेनबाख या मित्राने जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना बिनभाड्याने वापरायला दिली. तिला नाव दिले टॉल्स्टॉय फार्म. ज्याला स्वतःच्या चार हजार एकरांत मनासारखे जगता आले नाही, त्याच्या नावाने आफ्रिकेत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबे एका पंगतीत जेवू लागली, फळबाग राखू लागली, चपला शिवू लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टॉल्स्टॉयने गांधीजींना अखेरचे मोठे पत्र लिहिले. तेव्हा त्याच्या आयुष्याचे दोन महिने उरले होते.

घरात तोवर मृत्युपत्रावरून रण माजले होते. सगळे लेखन सर्वांना मोफत असावे ही त्याची इच्छा. पण ‘सर्वांना’ असा वारस कायद्याला चालत नाही, कुणाचे तरी नाव लागते. त्याने धाकटी मुलगी अलेक्झांड्रा हिचे नाव घातले. १९१० च्या उन्हाळ्यात, बायकोला कळू नये म्हणून, जवळच्या जंगलात झाडाच्या बुंध्यावर बसून त्याने मृत्युपत्रावर सही केली. सोफियाला वास लागलाच होता. ती कपाटे धुंडाळी, तो कागद लपवी. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार किल्ल्या आणि कागद यांच्यावर येऊन ठेपला. १० नोव्हेंबरच्या पहाटे, अंधारात, डॉक्टरला बरोबर घेऊन तो घरातून निघून गेला. सोफियाने हे कळताच तळ्यात उडी घेतली. तिला बाहेर काढले गेले. तो आगगाडीत आजारी पडला आणि अस्तापोवो नावाच्या लहानशा स्टेशनावर स्टेशनमास्तरांच्या घरात त्याला उतरवावे लागले. ती खास गाडीने तिथे पोचली, पण तो शुद्धीवर असेपर्यंत तिला आत सोडले नाही. २० नोव्हेंबर १९१० रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, तो गेला.

त्याला यास्नाया पोल्यानाच्या जंगलात, एका घळीच्या काठी पुरले. लहानपणी थोरल्या भावाने तिथे एक हिरवी काठी पुरली आहे, तिच्यावर सगळी माणसे सुखी कशी होतील त्याचे गुपित लिहिले आहे, असे सांगितले होते. ती जागा त्यानेच निवडून ठेवली होती. वर क्रूस नाही, दगड नाही, नाव नाही. गवताने झाकलेला मातीचा उंचवटा, गोष्टीतल्या त्या शेतकऱ्याला लागली होती तेवढाच.

वडिलांचे देणे मुलीने फेडले. अलेक्झांड्राने त्याच्या अप्रकाशित लेखनाची आवृत्ती काढली, त्यातून आलेल्या पैशांतून आई आणि भावांकडून यास्नाया पोल्यानाची बहुतेक शेतजमीन विकत घेतली आणि १९१३ मध्ये ती गावच्या शेतकऱ्यांना दिली. जे देणे बापाला हयातीत जमले नाही ते अखेर रीतसर खरेदीखताने झाले. विक्री करणारे घरचेच, खरेदी करणारी घरचीच, आणि पैसा त्या लेखनाचा, ज्यावरचा हक्क त्याला नको होता. घर आणि बाग सोफियाने स्वतःकडे ठेवली आणि नवऱ्याची खोली जशीच्या तशी जपली. क्रांतीच्या वर्षांत आसपासचे वाडे लुटले गेले, जाळले गेले. यास्नाया पोल्याना वाचले, आणि ते वाचवणाऱ्यांत गावचे शेतकरी होते. सोफिया १९१९ मध्ये वारली.

१९२१ मध्ये सरकारने इस्टेटीचे संग्रहालय केले. अलेक्झांड्रा तिची पहिली प्रमुख. त्याआधी ती या नव्या सरकारच्या कैदेत राहून आली होती. १९२९ मध्ये तिने देश सोडला, अमेरिकेत कोंबड्या पाळून पोट भरले आणि पुढे न्यूयॉर्कजवळच्या एका शेतावर निर्वासितांसाठी आसरा उभा केला. १९७९ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, ती गेली. तिने वाटलेली जमीन मात्र शेतकऱ्यांकडे राहिली नाही. १९३० च्या आसपास देशभरच्या शेतांबरोबर तीही सामूहिक शेतीत ओढली गेली. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने यास्नाया पोल्यानात दीड महिना तळ ठोकला आणि जाताना घराला आग लावली. संग्रहालयाचे लोक आणि गावकरी यांनी ती विझवली. त्याआधीच पेट्या भरभरून वस्तू दूर हलवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. १९९४ मध्ये टॉल्स्टॉयचा खापरपणतू व्लादिमीर तिथला संचालक झाला, आणि २०१२ मध्ये ते काम त्याच्या पत्नीने हाती घेतले. सात-बारावर नाव सरकारचे, पण वहिवाट घराण्याचीही.

हे सारे वाचताना मला आपल्या गागोद्याचे विनोबा आठवतात. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली आणि भूदान सुरू झाले. विनोबा जमीनमालकाला सांगत, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. भूदानात मिळालेली पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळ तंट्यात अडकली, हेही खरे आहे. पण हिशेबाची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. तिच्यात घर मोडत नाही. गरीब माणूस घराच्या वाटणीत एक वारस म्हणून येऊन बसतो, आणि आईला मुलांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे वाटत नाही. टॉल्स्टॉयच्या वाटणीत दहा नावे होती. अकरावे घालायची वेळ येईपर्यंत घरातली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

यास्नाया पोल्यानाला जाणारी माणसे जंगलातल्या त्या बिननावाच्या थडग्यापाशी फुले ठेवतात. सोफिया तिथे नाही. दोनेक किलोमीटरवर कोचाकी नावाच्या जागी घराण्याचे जुने कबरस्तान आहे, तिथे ती आहे. टॉल्स्टॉयचे आईवडीलही तिथेच आहेत, आणि तिची लहानपणी गेलेली काही मुलेसुद्धा. त्या घराचा हिशेब जिने इतकी वर्षे लिहिला, तिच्यासाठीही कुणी दोन फुले तिकडे नेत असेल अशी आशा आहे.